रोगजंतूची वाट
पटकीच्या इतिहासातून संसर्गाची ओळख

मनुष्याच्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्याच्याभोवती आणि त्याच्या शरीरातही वास करीत असतात. मूठभर मातीत त्यांची संख्या कोट्यवधींनी मोजावी लागते. दुधाचे दही त्यांच्यामुळेच लागते. शेतात पडलेला पालापाचोळा कुजवून त्याचे खत तेच करतात. हरभरा, तूर यांसारख्या कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे जीवही याच वर्गातले होत. या अफाट सूक्ष्मसृष्टीपैकी मनुष्याला रोग देणारे जीव फारच थोडे आहेत. त्या थोड्यांना आपण रोगजंतू म्हणतो.

रोगजंतू हा शब्द आता शाळेतील मुलांच्याही परिचयाचा झाला आहे. परंतु जंतू अंगात शिरला की रोग झालाच, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती अपुरी आहे. एकाच विहिरीचे दूषित पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काही अंथरुणाला खिळतात, काहींचे पोट किंचित बिघडते, तर काहींना काहीच होत नाही. याचे कारण असे की, रोग उत्पन्न करण्यापूर्वी जंतूला एक लांबची वाट चालावी लागते. ती वाट कोणत्याही एका टप्प्यावर अडवता आली, तर रोग टळतो. निदान मृत्यू तरी टळतो. पटकी म्हणजेच कॉलरा या रोगाच्या इतिहासात या वाटेचा एकेक टप्पा जसा उलगडत गेला, तसा तो दुसऱ्या क्वचितच कोणत्या रोगाच्या बाबतीत उलगडला असेल. म्हणून संसर्ग म्हणजे काय हे समजून घेण्यास पटकीचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

रोगजंतूंचे प्रकार

रोगजंतूंचे मुख्य प्रकार चार. पहिला प्रकार जिवाणूंचा. हे एकपेशीय जीव असून त्यांची लांबी सामान्यतः एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याच्या काही पट असते. क्षय, विषमज्वर, घटसर्प, धनुर्वात आणि पटकी हे जिवाणूंमुळे होणारे रोग होत. दुसरा प्रकार विषाणूंचा. ते जिवाणूंहून पुष्कळच लहान असून सजीव पेशीत शिरल्यावाचून त्यांची वाढ होऊच शकत नाही. गोवर, पोलिओ, कावीळ आणणारे यकृतदाहाचे काही प्रकार आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने होणारा रोग यांच्या मुळाशी विषाणू असतात. तिसरा प्रकार कवकांचा, म्हणजे बुरशीच्या जातीच्या जीवांचा. गजकर्ण हा त्यांच्यापैकी काहींचा उपद्रव होय. चौथा प्रकार आदिजीवांचा. हिवताप, काळा आजार आणि आमांशाचा एक प्रकार यांना आदिजीव कारणीभूत होतात.

जिवाणूंचे बळ त्यांच्या संख्येत असते. अन्न, ओलावा व ऊब यांची अनुकूलता लाभली, तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुभंगून एकाचे दोन होतात. या गतीने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होतील. उन्हाळ्यात सकाळचे शिजवलेले अन्न संध्याकाळपर्यंत का नासते, याचा उलगडा या हिशेबाने होतो.

प्रत्येक रोगजंतूला शरीरात शिरण्याचे स्वतःचे असे दार असते. धनुर्वाताचा जंतू मातीत व जनावरांच्या शेणात आढळतो. तो पोटात गेल्यास सहसा काही अपाय होत नाही, पण तोच खोल जखमेत गेला तर प्राणावर बेतते. हिवतापाचा जंतू ॲनोफिलिस जातीच्या डासाच्या मादीने दंश केल्याने रक्तात उतरतो. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो. पटकीचा जंतू मात्र तोंडावाटे, पाण्यातून आणि अन्नातून, आतड्यात पोहोचतो. दार चुकले की बहुतेक जंतूंचे काही चालत नाही.

जंतू दिसण्यापूर्वी सापडलेली वाट

गंगेच्या मुखाजवळच्या प्रदेशात पटकीची वस्ती फार जुनी आहे. बंगालमध्ये ओलाबीबी आणि महाराष्ट्रात मरीआई यांची उपासना या रोगाच्या भीतीशी जोडली गेली, यावरून त्याची दहशत केवढी होती याची कल्पना येते. १८१७ मध्ये जेसोरकडे तिचा मोठा उद्रेक झाला आणि तेथून ती व्यापारी व सैनिकांच्या मार्गाने दूरदूरच्या देशांत पसरली. त्या काळी दूषित हवेमुळे पटकी होते, असे युरोपातील बहुतेक वैद्य मानीत असत.

लंडनमधील डॉक्टर जॉन स्नो यांना हे मत पटले नाही. हवेने रोग होत असेल तर फुप्फुसे आधी बिघडावयास हवीत. पण पटकीत पहिला आघात होतो तो आतड्यांवर. तेव्हा रोगाचे कारण रोग्याच्या मळातून पाण्यात व पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जात असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी १८४९ मध्ये मांडले. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने हाहाकार उडविला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मरण पावली. स्नो यांनी घरोघर जाऊन चौकशी केली आणि मृतांपैकी बहुतेक जण रस्त्यावरील एकाच पंपाचे पाणी पीत असत, असे त्यांना आढळून आले. जवळच्याच मद्याच्या कारखान्यातील कामगार मात्र बचावले होते. कारण ते पंपाचे पाणी पीतच नसत. याउलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा पटकीने दगावली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत होती.

८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. त्यांच्या मताला खरे बळ मिळाले ते दुसऱ्या एका तुलनेने. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या घरोघर पाणी पुरवीत असत. एकीने आपली पाणी घेण्याची जागा १८५२ मध्ये थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ प्रवाहाकडे हलविली होती. दुसरी शहराची घाण मिसळलेले पाणी उचलीत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, तर पहिलीच्या दर १०,००० घरांमागे केवळ ३७. हवा दोघांचीही एकच होती. फरक होता तो पाण्याचा.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्नो यांनी पटकीचा जंतू कधीच पाहिला नव्हता. फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी यांनी त्याच वर्षी, १८५४ मध्ये, मृतांच्या आतड्यांत वाकड्या आकाराचे सूक्ष्म जीव पाहून त्यांची नोंद केली होती. पण त्या नोंदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शत्रूचे रूप कळण्याआधीच त्याची वाट मात्र कळली होती.

कलकत्त्यातील शोध

शत्रूचे रूप निःसंशय सिद्ध झाले ते भारतभूमीवर. क्षयाचा जंतू शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे १८८३ मध्ये पटकीच्या शोधार्थ प्रथम इजिप्तमध्ये गेले. तेथील साथ ओसरल्यामुळे ते वर्षअखेरीस कलकत्त्यास आले. १८८४ च्या आरंभी त्यांनी पटकीच्या जंतूंची शुद्ध वाढ करून दाखविली. हा जंतू सरळ काडीसारखा नसून स्वल्पविरामाप्रमाणे किंचित वाकडा आहे, असे त्यांनी कळविले. एका टोकाला असलेल्या चाबकासारख्या तंतूच्या साहाय्याने तो पाण्यात चपळाईने फिरतो. शहरातील एका तळ्याकाठी रोगी आढळत होते. त्या तळ्याच्या पाण्यातही कॉख यांना तोच जंतू सापडला. जंतू आणि त्याची वाट यांची अशी सांगड पडली.

तरीही सर्वांचे समाधान झाले नाही. म्युनिचचे नामांकित आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांचे म्हणणे असे की, एकटा जंतू रोग करू शकत नाही. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पटकीचे जंतू असलेला द्रव स्वतः पिऊन दाखविला. त्यांना सौम्य जुलाब झाले, परंतु तीव्र पटकी झाली नाही. त्यांचे शिष्य एमेरिक यांनी तोच प्रयोग केला. त्यांचा आजार अधिक जोराचा होता, तरी तेही बचावले.

त्याच वर्षी हॅम्बुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे मेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवीत असे. लगतचे आल्टोना हे गाव त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, पाणी घेत असे. पण ते वाळूच्या थरांतून गाळून घेत असल्यामुळे तेथे रोग फारच थोडा झाला. या घटनेने जंतूच्या सिद्धान्ताचा विरोध दुबळा झाला.

पेटेनकोफर चुकले होते, परंतु त्यांच्या प्रयोगातून एक खरी गोष्ट उरते. तोच जंतू सर्वांना सारखाच रोग करीत नाही. जंतूंची संख्या किती, त्यांचे सामर्थ्य किती आणि शरीर किती सज्ज आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. पटकीच्या बाबतीत शरीराचा पहिला पहारेकरी म्हणजे जठरातील आम्ल. गिळलेल्या जंतूंपैकी बहुसंख्य तेथेच मरतात. म्हणून निरोगी माणसास रोग होण्यासाठी सामान्यतः फार मोठ्या संख्येने जंतू पोटात जावे लागतात. जठरातील आम्ल कमी असले तर मात्र थोडे जंतूही पुरतात. ज्याला पूर्वी संसर्ग होऊन गेला आहे त्याच्या आतड्यात जंतूंना ओळखून निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार असतात. यामुळेच पटकीचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत किंवा ती अगदी सौम्य असतात. पण अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या मळातूनही काही दिवस जंतू बाहेर पडतच असतात. साथीच्या काळात केवळ आजाऱ्यांपासून सावध राहणे का पुरत नाही, ते यावरून समजेल.

जंतू मारतो कसा?

जंतू सापडला, वाट सापडली, तरी एक कोडे शिल्लक होते. पटकीच्या रोग्यास तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होतात. तीव्र आजारात शरीरातील पाणी तासाला एक लिटरपर्यंत निघून जाऊ शकते. डोळे खोल जातात, नाडी क्षीण होते, लघवी थांबते. उपचार न झाल्यास काही तासांतच मृत्यू ओढवतो. परंतु जंतू तर आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. तो रक्तात शिरत नाही की पेशी फोडून आत जात नाही. मग एवढा संहार होतो कसा? जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्क कॉख यांनी केला होता. पण त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे कोणालाही तो निर्णायकपणे सिद्ध करता आला नाही.

ते काम केले कलकत्त्याचे डॉक्टर शंभुनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेले डे हे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. साधने बेताचीच होती, पण विचार स्वच्छ होता. विष शोधावयाचे तर ते रक्तात न शोधता आतड्यातच शोधले पाहिजे, असे त्यांनी ओळखले. १९५३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्यात पटकीचे जंतू टोचले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे डे यांनी जंतू वाढविलेला द्रव इतका बारीक गाळून घेतला की त्यात एकही जंतू राहू नये, आणि तो गाळलेला द्रव आतड्यात घातला. आतडे पूर्वीप्रमाणेच फुगले. जंतूशिवाय केवळ त्याच्या स्रावाने रोगाचा मुख्य परिणाम घडवून आणता येतो, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सिद्ध केले.

या विषाचे कार्य पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. आपले आतडे सामान्यतः अन्नातील पाणी व क्षार शोषून रक्तात पाठवीत असते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींतील क्षार बाहेर सोडणारी दारे सताड उघडी ठेवते. क्षार बाहेर पडू लागले की त्यांच्यामागोमाग पाणीही वाहू लागते. आतडे जखमी होत नाही, कुजत नाही. केवळ पाण्याचा प्रवाह उलट्या दिशेने सुरू होतो. रोगी मरतो तो पाणी व क्षार गमावल्यामुळे.

बनगावचा धडा

रोगी पाण्यावाचून मरतो, तर पाणी दिल्याने तो वाचला पाहिजे. शिरेतून मिठाचे निर्जंतुक पाणी दिल्यास रोगी वाचतो, हे माहीत झालेले होते. पण हा उपाय खर्चाचा, आणि त्यासाठी शिकलेले हात लागतात. साधे पाणी पाजून भागत नाही, कारण बिघडलेले आतडे ते पुरेसे शोषून घेत नाही. मात्र आतड्याच्या पेशींत आणखी एक दार असते. त्यातून ग्लुकोज साखर व मिठातील सोडियम हे दोघे जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जाते. पटकीचे विष हे दार बंद करू शकत नाही. साखर व मीठ योग्य प्रमाणात घातलेले पाणी रोग्याला पाजावे, ही कल्पना या ज्ञानावर उभी आहे.

या कल्पनेची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले, आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. रुग्णालयाच्या खोल्यांतील जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून देण्याचा द्रव संपत आला होता. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण कलकत्त्यात मापून पुड्या भरून घेतल्या. ते पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते. हा उपचार मिळालेल्या रोग्यांत ते शेकडा ३.६ वर आले. प्रशिक्षित परिचारिकांचे काम आई, भाऊ आणि मुलगा यांनी केले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बनगावात जंतू मारण्याचे औषध हे मुख्य शस्त्र नव्हते. जंतू आतड्यात असतानाच त्याच्या विषाचा परिणाम भरून काढण्यात आला, आणि शरीराला स्वतःच्या बळावर जंतूंचा निकाल लावण्यास अवधी मिळाला. प्रतिजैविक औषधांनी तीव्र आजाराची मुदत कमी होते. पण पाणी व क्षार यांची भरपाई हाच आजही मूळ उपचार आहे.

वाट अडविण्याची ठिकाणे

आता जंतूची सारी वाट डोळ्यांपुढे उभी राहते. एका माणसाच्या मळातून तो बाहेर पडतो, पाण्यात किंवा अन्नात मिसळतो, दुसऱ्याच्या तोंडावाटे आत जातो, जठरातून निभावतो, आतड्याला चिकटून विष सोडतो आणि जुलाबावाटे पुन्हा बाहेर पडतो. या प्रत्येक ठिकाणी त्याला अडविता येते. शौचालयांची योग्य व्यवस्था झाली तर मळ पाण्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी उकळले किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरिन घातले तर जंतू मरतो. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुतले, अन्न झाकून ठेवले व गरम खाल्ले, तर तोंडाची वाट बंद होते.

काही उपाय तर घरातच असतात. खाडीच्या व नदीमुखाच्या पाण्यात पटकीचा जंतू बारीक जलचरांच्या अंगाला चिकटून राहतो. जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्यांतून पाणी गाळले तर हे जलचर कापडावर अडकतात. बांगलादेशातील मतलब भागातील गावांत असे गाळण्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. उकळणे शक्य असेल तेथे उकळणेच अधिक चांगले. पण जेथे सरपणाचीही वानवा आहे तेथे हा साधा उपायही मोलाचा ठरतो.

लस हा आणखी एक अडसर होय. वाल्देमार हाफकिन यांनी पटकीवरील आपली लस १८९२ मध्ये पॅरिस येथे स्वतःला टोचून पाहिली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा त्यावरील लसही त्यांनी तेथेच तयार केली. परळ येथील संस्था १९२५ पासून त्यांचे नाव धारण करीत आहे. आता पटकीची लस तोंडावाटे देता येते आणि तिचे संरक्षण काही वर्षे टिकते. परंतु स्वच्छ पाण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

जुलाबाच्या रोग्यास ताबडतोब क्षार-साखरेचे पाणी सुरू करावे. दुकानात किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी तिच्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवावी. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. मीठ याहून अधिक घालू नये, कारण ते अपायकारक ठरते. घोट घोट पाजीत राहावे, तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये आणि रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

पटकी अद्याप जगातून गेलेली नाही. जेथे युद्ध, पूर किंवा दारिद्र्य यांमुळे पिण्याचे पाणी आणि मैला एकत्र येतात, तेथे ती पुन्हा डोके वर काढते. तिच्याविषयी माणसाने मिळविलेले ज्ञान मात्र आता साध्या गोष्टींत उतरलेले आहे. गावाची विहीर बांधून घेणारी ग्रामपंचायत, पाण्याचा नमुना तपासणारा कर्मचारी, मुलांना हात धुण्यास शिकविणारे शिक्षक आणि मूठभर साखर व चिमूटभर मीठ हाताशी ठेवणारी गृहिणी यांपैकी प्रत्येक जण जंतूच्या वाटेवर उभा आहे. तो दक्ष असेल तेथे ती वाट संपते.